मठातली थोरली

माझ्या लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली होती आणि माझ्याकडं बघून सुस्कारे टाकायचासुद्धा सासूला कंटाळा आला होता, तेव्हा कुठं मला दिवस गेले. झालं! घरात जो तो विचारायला लागला, काय खावंसं वाटतंय? बोरं आणू का? चिंचा पाडू का? आमच्याकडं पोटुशीचा डोहाळा अडवत नाहीत. अडवला तर पोराचे कान फुटतात म्हणतात. ज्या सासूनं मला ताकसुद्धा हात आखडून वाढलं, तीच आता माझ्यासाठी लोण्याचा गोळा बाजूला काढून ठेवायला लागली. मीही काही कमी नव्हते. मागून मागून खाल्लं.

एकदा मालक, म्हणजे माझा नवरा, जेवायला बसले होते. आमचं घर मेंढरांचं, पोखर्णीजवळच्या एका गावातलं. मालक कळपामागं दिवसचे दिवस रानात असायचे, त्यामुळं घरी आले की दोन घास निवांत खायचे. खाता खाता म्हणाले, "तुला काय पायजे ते सांग की. मला काईच सांगंनास."

"देताल का?"

"दीन की."

"मला माझ्या मायचं तोंड बघायचंय."

त्यांचा घास हातातच राहिला. माझी आई मला जन्म देऊन महिन्याच्या आत गेली होती, हे त्यांना ठाऊक होतं. "आगं, काय बोलतीस हे पोटुशीपणी," ते म्हणाले. "तुमी विचारलं, मी सांगितलं. आता आणून द्या," मी म्हणाले. राग माझ्या नाकावर असायचा, तो काही दिवस गेले म्हणून खाली उतरला नव्हता.

खरं सांगू? राग वरवरचा होता. आत भीती होती. आई ज्या बाळंतपणानं गेली तेच आता माझ्यापुढं होतं, आणि त्याच्या आधी मला एकदा ती बघायची होती. तिचं नाक कसं होतं, रंग कसा होता, मी तिच्यासारखी दिसते का बासारखी, काही म्हणजे काही मला माहीत नव्हतं. लोकांच्या आया मरतात, पण निदान आठवायला तोंड तरी ठेवून जातात. माझीनं तेही ठेवलं नव्हतं.

म्हणजे एक तोंड होतं. ते चांदीचं.

बानं दुसरं लग्न केलं तेव्हा मी रांगत होते. आमच्यात रीतच आहे, पहिली बायको मेलेली असली की तिचा चांदीचा टाक करून नव्या बायकोच्या गळ्यात बांधायचा. बोटाच्या पेराएवढा पत्रा आणि त्यावर सोनारानं ठोकून काढलेली बाई. डोळ्यांचे दोन ठिपके, तोंडाची एक रेघ, दोन बाजूंना दोन हात. ही थोरली. नव्या बायकोनं हिच्या आज्ञेत राहायचं. नवं लुगडं नेसायचं तर आधी हिला लावायचं, जेवताना पहिला घास हिला दाखवायचा, सणाला दुधानं न्हाऊ घालायचं. मेंढी लंगडली, कुणाला हीव भरलं, दूध नासलं, की थोरली रुसली. मग तिच्यापुढं नाक घासायचं.

या नव्या बायकोला मी मावशी म्हणायचे. तिनंच मला तसं शिकवलं. "तुझी माय ही," म्हणून गळ्यातला टाक दाखवायची. मी तिच्या मांडीवर निजायचे ती तो टाक तोंडात घालून. "थोरलीला चावू नगं, रुसंल ती," असं म्हणून मावशी हळूच माझ्या दातांतून तो सोडवून घ्यायची. त्या चांदीची चव मला अजून आठवते.

तर माझी आई म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ. गावात ज्या ज्या घरी थोरली होती तिथं हेच तोंड. सगळ्यांच्या आया एकाच सोनारानं ठोकलेल्या.

तिचं खरं तोंड एका ठिकाणी आहे हे बानं मला एकदाच सांगितलं. मेंढी मांडीखाली दाबून तो लोकर कातरत होता. हात चालू असले की त्याची जीभ सुटायची. माझ्या वेळेला आई अडली होती म्हणे. सुईणीनं हात टेकले. तेव्हा परभणीच्या बाहेर मडमांचा मठ होता. गोऱ्या बाया, पायघोळ पांढरे झगे, डोक्याला पांढरं फडकं, कमरेला काळ्या मण्यांची माळ. लग्न न करता देवाच्या नावानं राहिलेल्या, आणि गोरगरिबांसाठी दवाखाना चालवायच्या. बाची आई म्हणाली, तिकडं नेऊ नको, बाटवतील. बानं ऐकलं नाही. बैलगाडीत कडबा अंथरून आईला त्यावर निजवलं आणि नेलं. तिथं मी झाले. मडमांनी दोघींना जगवलं आणि थोडे दिवस ठेवून घेतलं.

घरी निघायच्या आधी एक पाद्री तीन पायांचा डबा घेऊन मठात आला. मडमांनी झाडून सगळ्या बाळंतिणींना पोरांसकट पायऱ्यांवर बसवलं. पाद्री काळ्या कापडाखाली शिरला, आणि परका पुरुष बघतोय म्हटल्यावर बायांनी काय करावं! सगळ्यांनी पदर ओढून आपापली तोंडं झाकून घेतली. एकटीनं नाही झाकलं. माझ्या आईनं. तिला वाटलं, या डब्याची दृष्ट लागेल माझ्या लेकराला. पदर एकच. तिनं तो डोक्यावरून काढला आणि माझ्यावर घातला, आणि उघड्या डोक्यानं, उघड्या तोंडानं तशीच बसून राहिली. बा फाटकाबाहेर गाडीपाशी उभा राहून हे बघत होता. "मला लाजच वाटली बग तवा," तो म्हणाला. मग कातर थांबवून बराच वेळ त्या मेंढीच्या पाठीकडं बघत बसला.

घरी आल्यावर बाच्या आईनं तिला त्या उघड्या डोक्यावरून फाडून खाल्लं. आणि नंतर थोड्याच दिवसांत आई तापानं गेली. आता तर सगळ्यांना पटलंच की त्या डब्यानं तिला ओढून नेलं. पुढं मडमांनी निरोप धाडला, फोटो तयार झालाय, एक तुमच्यासाठी काढून ठेवलाय, घेऊन जा. बाच्या आईनं उलट निरोप पाठवला, आम्हाला नको ती अवदसा घरात.

नको म्हणे! मला विचारलं होतं का कुणी? मी पाळण्यात होते हे खरं, पण वस्तू माझी होती ना? हे ऐकलं तेव्हा म्हातारी मरून कितीतरी दिवस झाले होते, तरी मी मनातल्या मनात तिच्याशी कडाकडा भांडले.

मग मी बाच्या मागं लागले, मला मठात ने. आज नेतो, उद्या नेतो, असं करता करता रझाकारांचे दिवस आले. बायाबापड्यांना रस्त्यानं जायची सोय राहिली नाही. निजामाचं राज्य गेलं, आणि त्याच धामधुमीत मडमाही मठाला कुलूप घालून कुठं निघून गेल्या. फोटोचं काय झालं कोण सांगणार? माझं लग्न झालं. पुढं बा वारला. आईचा भाऊ मेंढरं घेऊन पाथरीकडून गोदावरीच्या पलीकडं उतरला तो परत आलाच नाही. तिला डोळ्यांनी बघितलेलं माणूस म्हणून कुणी उरलं नाही.

आणि हे सगळं ठाऊक असलेल्या मालकांना मी म्हणत होते, आणून द्या.

मालकांनी जेवण संपवलं, हात धुतला. मग म्हणाले, "परभणीला बकरे इकायला गेलतो ना, तवा मी त्या मठात गेलतो."

"कुलूप हाय ना त्याला?"

"आता न्हाई. सरकारनं अजबखाना केलाय तिथं. शेतात, हिरीत घावलेले दगडाचे देव आणून मांडलेत, जुन्या तलवारी, भांडीकुंडी. फुकट हाय म्हणून शिरलो. मडमांची एक खोली तशीच ठिवलीय. भितीला फोटू हायेत."

"कसले फोटू?"

"मडमांचेच की. आन एकात बाया बसल्यात पायरीवर. तोंडं झाकून."

"समद्या झाकून? का एक उघडी?"

"मी काय तिथं बाया निरखत बसू का गं?"

असा हा नवरा! एवढी गोष्ट पोटात ठेवून महिना दीड महिना घरात वावरत होता. मी त्यांना इतकं बोलले की शेवटी ते म्हणाले, जा, तू स्वतःच जाऊन बघून ये, पण माझ्या आईला कळू देऊ नको.

ते बरोबर होतं. पोटुशीनं मेलेल्या बाळंतिणीचा फोटो बघायला जायचं, असं सासूला कळतं तर तिनं मला दाराला आडवं पडून थांबवलं असतं. योगायोगानं त्याच आठवड्यात मावशी मला भेटायला आली, कानवले आणि सांज्याच्या पोळ्या घेऊन. मी सासूला सांगितलं, मावशीबरोबर पोखर्णीच्या नरसिंहाला जाऊन येते. देवाच्या नावाला तिची ना नव्हती.

मावशीला मी गोठ्यात नेऊन खरं काय ते सांगितलं. तिचा हात पहिल्यांदा गळ्यावर गेला. बा गेल्यावर तिच्या गळ्यातलं सगळं उतरलं होतं, टाक तेवढा काळ्या दोऱ्यात राहिला होता. लोक म्हणायचे, आता देव्हाऱ्यात ठेव. ती ठेवत नव्हती.

"मी न्हाई येत," ती म्हणाली.

"का गं?"

"तिच्या म्होरं कोन्त्या तोंडानं उभी ऱ्हाऊ? नवरा तिचा, घर तिचं, चूल तिची. लेकरूबी तिचंच, त्ये मी मांडीवर घेतलं. इचारंल ना मला ती."

"मावशे, फोटू हाय तो. फोटू काय इचारतोय!"

"तुला न्हाई ठाव. ती लय कडक हाय."

हे ती इतक्या खात्रीनं म्हणाली की जणू रोज सकाळी दोघींची बोलाचाली व्हायची. मी खूप मिनत्या केल्या. शेवटी कबूल झाली, पण रिकाम्या हातानं येणार नाही म्हणाली. थोरली सवाष्ण गेलीय, तिची ओटी भरायची. "माझं कपाळ हे असं, मला भरता येत न्हाई. तू भर." तिनं नारळ, खण आणि मूठभर तांदूळ फडक्यात बांधून घेतले.

पोखर्णीला देवाच्या पाया पडलो, म्हणजे सासूला सांगितलेलं खोटं ठरायला नको. तिथून परभणीची मोटार धरली. तोवर आम्ही निजामाचे राहिलो नव्हतो, मुंबई राज्यात गेलो होतो. मोटारीवरचा रंग बदलला होता, धूळ होती तीच. माझं पोट बघून ड्रायव्हरनं मला पुढं बसवलं. मावशी मागं बसली होती, नारळ मांडीत घट्ट धरून. मी मनात सारखी घोकत होते, आईला काय काय म्हणायचं ते. मला भीती वाटतेय म्हणून सांगायचं. पोरगा का पोरगी ते विचारायचं. तू मला टाकून का गेलीस हेही विचारायचं होतं, पण ते शेवटी, जमलं तर.

मठ गावापासून थोडा बाजूला होता. दगडी, बसका, लांबच लांब ओसरीचा. समोर त्या पायऱ्या. मी पायऱ्या बघितल्या आणि तिथंच उभी राहिले. मधोमध झिजलेल्या साध्या पायऱ्या. कुठल्या पायरीवर बसली असेल? मला तिथं टेकायचं होतं, पण मावशी पुढं गेली होती.

पुढच्या मोठ्या खोलीत मडमा प्रार्थना करायच्या. आता तिथं दोन्ही भिंतींना दगडाचे देव ओळीनं मांडलेले. सोंड तुटलेला गणपती, हात नसलेला विष्णू, एक नंदी, कितीतरी ओळखू न येणारे. वरच्या रंगीत काचेतून निळा-तांबडा उजेड विष्णूच्या पोटावर पडला होता. मावशीनं चपला बाहेर काढल्या आणि पहिल्या देवापासून सुरुवात केली. एकेकाच्या पायाला हात, मग कपाळाला हात, मग पुढचा.

"अम्मा, ये मंदिर नई है," राखणदार म्हणाला. पिकल्या दाढीचा माणूस, खाकी सदरा, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"देव हायेत की समदे."

"देव हैं. मगर मंदिर नई."

"मंग देव काय करायलेत इथं?" मावशीनं विचारलं आणि पुढच्या देवाला हात लावला.

बिचारा कपाळाला हात लावून उभा राहिला. तेवढ्यात त्याला तिच्या हातातला नारळ दिसला आणि त्याचा नूर पालटला. मडमांची खोली आज बंद, म्हणाला. का म्हणून विचारलं तर सांगायला लागला. त्या खोलीत लेकरू कडेवर घेतलेल्या मरियमची मूर्ती आहे. खेड्यातल्या बाया येतात, देवी समजून तिच्यापुढं नारळ फोडतात, तिला हळदकुंकू लावतात. साहेबानं त्याची खरडपट्टी काढली होती. "नारियलवाले अंदर नई. नारियल भार छोडो, खोलता."

"ओटीबिगर मी आत जात न्हाई," मावशी म्हणाली.

"तो नक्को जाओ," तो म्हणाला आणि जेवायला निघाला.

पायऱ्या उतरून तो निघाला की हो! मोटार संध्याकाळच्या आत धरायची होती, सासू वाट बघणार होती, पुन्हा यायला मिळेल याचा भरवसा नव्हता. आणि ही बाई नारळ सोडायला तयार नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओसरीतूनच ओरडले, "माझी माय हाय आत! तिचं तोंड बघू द्या मला! नारळाचं काय करायचं ते करा!"

तो वळला. माझ्या तोंडाकडं बघितलं, पोटाकडं बघितलं. "तुमारी माँ... मडम थी?"

"मडम कशाची! धनगराची बाई. फोटूत हाय."

मग मी त्याला सगळं सांगितलं, तिथंच ओसरीत, हुंदके देत, निम्मं मराठीत निम्मं त्याच्या भाषेत. त्यानं ऐकून घेतलं. परत पायऱ्या चढला. मावशीच्या समोर दोन्ही हात ओंजळीसारखे धरून म्हणाला, "लाओ अम्मा. मैं सँभालता. आके ले लेना." तिनं का कुणास ठाऊक, त्याच्या ओंजळीत नारळ ठेवला. त्यानं तो दाराबाहेर कोनाड्यात जपून टेकवला आणि कुलूप काढलं.

खोली लहान होती. लोखंडी खाट, कपाटात काचेच्या बाटल्या, एक पाय तुटका पाळणा, आणि पोरं जोखायचा पितळी ताटाचा काटा. या ताटात मला घातलं असेल? मी हात लावला. राखणदारानं बघितलं आणि दुसरीकडं मान फिरवली. फोटो भिंतीवर खूप उंच होते, पार तुळईखाली. भर दुपारच्या उजेडात खालून नुसती काच चकाकत होती. मी तिवई ओढली तशी मावशीनं माझा दंड धरला. "या पोटानं चढतीस व्हय!" शेवटी राखणदारच चढला. दोन-तीन फोटो बघून एक काढला, सदऱ्याच्या बाहीनं पुसला, खाली उतरला आणि छातीपाशी धरून उभा राहिला. "जल्दी देखो," म्हणाला, पण हलला नाही.

मी आधी कडेपासून बघितलं, मधे बघायचा धीर होईना. पायऱ्यांवर गाठोडी ठेवावीत तशा बाया, लुगड्याचे नुसते ढीग, तोंड कुणालाच नाही, मांडीवर उघडी पोरं. एक, मग दुसरी, मग तिसरी. आणि मग ती.

एक पोरगी होती.

मानेची काडी झालेली. केस चापून बसवलेले, कानातल्या कुड्या तिच्या कानांना मोठ्या. भुवया आवळलेल्या, ओठ अर्धवट उघडे, पुढच्या दातांत फट. डब्याकडं बघत होती, आणि कुत्रं अंगावर येतंय का काय अशी भेदरलेली दिसत होती. मांडीवर पदराखाली झाकलेलं बोचकं, आणि त्याच्यावर दोन्ही कोपरं अशी दाबून धरलेली की कुणी हिसकून नेईल. ती कोपरं! घरी माझी धाकटी नणंद होती, अजून सागरगोटे खेळायची. तिची कोपरं अशी होती. ही तेवढीच होती. फार तर एखाद्या वर्षानं मोठी.

मी तिच्याहून कितीतरी मोठी होते. हे मला कधी सुचलंच नव्हतं. आई म्हणजे आपल्याहून मोठी, यात सुचायचं काय असतं? वाटेत घोकलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. आठवलं असतं तरी तिला काय सांगणार होते? मला भीती वाटतेय म्हणून? तिलाच किती वाटत होती. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "अगं पोरी."

मावशी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिची नजर फोटोभर फिरत होती. "थोरली कोन्ती यातली?"

मी बोट ठेवलं.

"न्हाई गं. थोरली. तुझी माय."

"हीच."

"ही?" तिनं फोटोला नाक लावलं. मग माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा फोटोकडं. "आगं माय माय माय. ही तर लेकरू हाय."

ती तिथंच फरशीवर बसली. "हिला भ्याले व्हय गं मी? हिच्या नावानं उपास धरले, नाक घासलं. जरा काई झालं की म्हनायची, थोरली माझ्यावर दात धरून हाय. आन ही एवढीशी." बोलता बोलता ती रडायला लागली, पण मला माहीत असलेलं तिचं रडणं हे नव्हतं. पडलेल्या पोराला उचलताना बाया करतात तसा तिचा आवाज झाला होता. मधेच थांबून तिनं राखणदाराला विचारलं, "ओल्या बाळंतिणीला भूक लय लागती. हिला कुनी जेवाय देत हुतं का इथं?"

"देते थे ना अम्मा," तो म्हणाला. "दूध देते थे. गरम रोटी. पेट भरके."

त्या वेळी तो इथं होता का नव्हता देव जाणे. मला वाटतं नव्हता. पण मावशीनं डोळे पुसले.

मला रडू आलं नाही. मला वाईट वाटत होतं आणि ते सांगायलाही लाज वाटत होती. मी एवढ्या लांब आले ती एका मोठ्या बाईला भेटायला. जिच्या पदरात डोकं घालता येईल, जी मला दटावेल, काही होत नाही गं, आम्ही नाही का बाळंत झालो, असं म्हणेल. ती बाई कुठंच नव्हती. आणि ही जी होती तिला मीच कुशीत घ्यावं असं मला वाटत होतं. मांडीवरचं ते बोचकं तिच्याकडून घ्यावं, म्हणावं, दमलीस, जा, जरा नीज, मी बघते हिला.

राखणदारानं फोटो परत भिंतीवर चढवला. काच पुन्हा चकाकायला लागली आणि ती दिसेनाशी झाली. निघताना मावशीनं कोनाड्यातला नारळ उचलला, जरा विचार केला, आणि त्याच्याच हातात दिला. "घरी लेकरं असतील तुमच्या," म्हणाली. ओटी भरायचं तिनं पुन्हा काढलं नाही, मीही काढलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून दिवस भरत आले तशी मी मावशीकडं गेले. ऐन दुपारी कळा सुरू झाल्या. सुईण पायाशी, माझं डोकं मावशीच्या मांडीवर. कळ आली की बाया माय गं म्हणतात. ठरवून म्हणत नाहीत, तोंडातून निघतं. माझ्याही निघालं. आणि निघाल्याबरोबर ती डोळ्यांपुढं उभी राहिली, भुवया आवळलेली, भेदरलेली. मी ओठ दाताखाली दाबला. हिला कुठं बोलवायचं इथं? हे बघून तर ती आणखी भिऊन जाईल, असं मला अगदी खरंच वाटलं. पुढची कळ मी मुकाट सोसली. तिच्या पुढचीही. सुईण कातावली, म्हणाली, तोंड उघड बाई, ओरड, अशी गुदमरू नको. मी मान हलवली.

मावशीनं माझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि कानाशी वाकली. तिला कसं कळलं ते मी पुढंही कधी विचारलं नाही.

"हाक मार तिला," ती म्हणाली. "लहान हाय, पर यील ती."

मग मी सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारली.